बटणं अचूक, माणूस चुकीचा

अंतराळवीरांच्या आयुष्यावर चित्रपट लिहिणाऱ्या, काढणाऱ्या आणि त्यात पैसा घालणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमचा हक्काचा प्रेक्षक आहे. पडद्यावर काउंटडाउन सुरू झालं की मला दुसरं काही सुचत नाही. अवकाशात आवाज ऐकू येत नाही, मग स्फोटाचा आवाज कसा आला, असली खुसपटं मी काढत नाही. माझी तक्रार एकच आहे आणि ती जरा गंभीर आहे. तुमच्या चित्रपटांत यानाच्या पॅनलवरचं एकेक बटण खऱ्यासारखं असतं. मात्र त्या पॅनलसमोर बसलेल्या माणसाच्या माथी, त्याचं खरं नाव घेऊन, त्यानं न केलेली चूक मारायला तुम्ही कचरत नाही. आणि बहुतेक वेळा तो माणूस उत्तर द्यायला हयात नसतो.

अमेरिकी अंतराळवीर गस ग्रिसम यांचंच घ्या. २१ जुलै १९६१ रोजी पंधरा मिनिटांची अवकाशफेरी आटोपून त्यांची ‘लिबर्टी बेल ७’ ही कुपी अटलांटिक महासागरात उतरली. हेलिकॉप्टर जवळ येत असताना कुपीच्या दाराचे स्फोटक बोल्ट उडाले, दार निखळलं आणि पाणी आत आलं. ग्रिसम बाहेर पडले, पण त्यांच्या पोशाखाची प्राणवायूची झडप उघडी राहिली होती आणि तिथून पाणी शिरत होतं. ते बुडता बुडता वाचले. कुपी मात्र तळाला गेली. दार मी उडवलं नाही, ते आपोआप उडालं, असं ग्रिसम तेव्हाही म्हणाले आणि पुढेही म्हणत राहिले.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांवरचा ‘द राइट स्टफ’ आला. त्यातले ग्रिसम भेदरलेले, घामाघूम, कधी एकदा बाहेर पडतो असं झालेले दिसतात. हा घाबरला आणि यानंच दार उडवलं, असंच प्रेक्षक मनात ठरवून उठतो. त्याला उत्तर देणारे ग्रिसम १६ वर्षांपूर्वीच गेले होते. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या चाचणीत अपोलो १ च्या कुपीत आग लागली आणि एड व्हाइट, रॉजर चॅफी यांच्यासह त्यांचा मृत्यू झाला. त्या कुपीचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, त्याला स्फोटक बोल्ट नव्हते, आणि आत दाब वाढल्यावर ते उघडणं अशक्य झालं.

चित्रपट निघाला तेव्हा पुरावा नव्हता असंही नाही. ते दार हातानं उडवायचं तर आतला दट्ट्या जोरानं दाबावा लागे आणि तो असा उलटा हिसका देई की हाताला मार बसे. त्यांचे सहकारी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी आपली कुपी जहाजावर आल्यानंतर तो दाबला आणि त्यांची बोटं सोलवटली. वॉली शिर्रा यांनी १९६२ च्या उड्डाणानंतर तो दाबला, त्यांच्या हातालाही इजा झाली. ग्रिसम यांच्या हातावर तशी एकही खूण नव्हती. नासानं त्यांच्यावर ठपका ठेवला नाही, उलट १९६५ मध्ये जेमिनीच्या पहिल्या समानव उड्डाणाचं आणि नंतर अपोलोच्या पहिल्या उड्डाणाचं नेतृत्व त्यांना दिलं. अंतराळवीरांच्या नेमणुका करणाऱ्या डीक स्लेटन यांनी पुढे लिहिलं, की ग्रिसम हयात असते तर चंद्रावर पहिलं पाऊल त्यांनीच टाकावं अशी आपली इच्छा होती. ज्याच्याबद्दल त्याच्या वरिष्ठाला असं वाटत होतं, तो पडद्यावर भेकड म्हणून राहून गेला. १९९९ मध्ये ती कुपी जवळपास पाच किलोमीटर खोलीवरून वर काढण्यात आली. एवढ्या वर्षांच्या गंजातूनही दाराचं कोडं काही निर्विवाद सुटलं नाही. पण न सुटलेलं कोडं तुम्ही मात्र दोन तासांत सोडवून मोकळे झालात.

पंचाईत अशी, की तो चित्रपट उत्तम आहे. वाईट असता तर केव्हाच विसरला गेला असता आणि हे पत्र लिहावं लागलं नसतं.

दुसरं उदाहरण तुमच्यापैकी बहुतेकांच्या आवडीचं आहे, आणि माझ्याही. १९९५ चा ‘अपोलो १३’. चंद्राकडे निघालेल्या यानातली प्राणवायूची टाकी १९७० मध्ये वाटेतच फुटली आणि आतले तिघे कसेबसे जिवंत परतले, त्याची ही गोष्ट. भारहीन अवस्था खरी दिसावी म्हणून नट आणि कॅमेरावाले नासाच्या विमानात बसले. ते विमान उंच चढून खाली झेपावे तेव्हा वीसपंचवीस सेकंद सगळे तरंगत, तेवढ्यात शॉट घ्यायचा, की पुन्हा चढाई. अशा शेकडो फेऱ्या झाल्या. सेटवर पोट सांभाळत इतकी मेहनत क्वचितच कुणी घेतली असेल. त्या तिघांपैकी जॅक स्विगर्ट यांच्या वाट्याला मात्र तेवढी काळजी आली नाही.

चित्रपटातले स्विगर्ट हे ऐन वेळी आलेले, जेमतेम तयारीचे, दोन्ही सहकाऱ्यांना ज्यांचा भरवसा वाटत नाही असे गृहस्थ आहेत. पुढे सहकारी फ्रेड हेझ त्यांच्यावर घसरतात : टाक्या ढवळल्यास तू, काय झालं ते बघितलं नाहीस. कडाक्याचं भांडण होतं आणि मोहिमेचे प्रमुख जिम लॉव्हेल मध्ये पडून ते थांबवतात. प्रत्यक्षात असं भांडण झालंच नव्हतं, हे खुद्द लॉव्हेल यांनी सांगितलं आहे. स्विगर्ट राखीव चमूतले होते आणि राखीव चमूचं प्रशिक्षण मुख्य चमूसारखंच होतं. शिवाय मुख्य यानात बिघाड झाला तर काय करायचं याच्या कार्यपद्धती तयार करण्यात त्यांचा मोठा हात होता. म्हणजे बिघडलेल्या यानात कोण सोबत असावा असं विचारलं असतं, तर जाणकारांनी बहुधा त्यांचंच नाव घेतलं असतं.

स्विगर्ट यांनी याला उत्तर दिलं असतं, पण तेही नव्हते. नोव्हेंबर १९८२ मध्ये ते अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले आणि शपथ घेण्याआधीच, डिसेंबरात, कर्करोगानं गेले. चित्रपट त्यानंतर १३ वर्षांनी निघाला.

आता खरा गुन्हेगार कोण, ते पाहा. पटकथा म्हणून ती गोष्ट तुमच्या भांडणापेक्षा किती सरस आहे ते तुम्हीच ठरवा. प्राणवायूची २ क्रमांकाची टाकी १९६८ मध्ये कारखान्यात हलवताना सुमारे पाच सेंटिमीटरवरून आदळली होती. तपासली, ठीक वाटली. टाकीच्या हीटरचे थर्मोस्टॅट स्विच २८ व्होल्टसाठी बनले होते. प्रक्षेपणतळावर वीज ६५ व्होल्टची येणार म्हणून ते बदलावेत असं ठरलं होतं, पण ते बदललेच गेले नाहीत आणि हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. उड्डाणाआधीच्या चाचणीत टाकीतला प्राणवायू नेहमीच्या मार्गानं बाहेर येईना, तेव्हा हीटर तासन् तास चालू ठेवून तो उकळून काढला. स्विच जळून चिकटले, हीटर बंदच झाले नाहीत, आणि तापमान दाखवणारा काटा ठरावीक मर्यादेपुढे सरकतच नव्हता, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाला सगळं ठीक दिसत राहिलं. आत तारांवरचं टेफ्लॉनचं आवरण जळून गेलं होतं. मग १३ एप्रिल १९७० रोजी ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षानं नेहमीप्रमाणे टाक्यांतला प्राणवायू आतल्या पंख्यांनी ढवळायला सांगितलं आणि स्विगर्ट यांनी बटण दाबलं.

यात खलनायक नाही. आहे तो विसरलेला एक बदल, एक आदळआपट, मर्यादेपुढे न सरकणारा एक काटा आणि आपापलं काम नीट केलं असं प्रामाणिकपणे मानणारी अनेक माणसं. भीती वाटायची तर याची वाटते. चित्रपटात हे सगळं शेवटाकडे एका वाक्यात येतं, आणि भांडणाला मात्र अख्खा प्रसंग मिळतो.

दोष जसा हलवता येतो तसं श्रेयही हलवता येतं. त्याच चित्रपटात, ज्यांच्या जागी स्विगर्ट ऐन वेळी गेले ते केन मॅटिंग्ली जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये जवळजवळ एकहाती झुंजून यान पुन्हा सुरू करण्याचा क्रम शोधतात. मॅटिंग्ली यांनी काम केलं, पण ते काम अनेक खोल्यांतल्या अनेक माणसांचं होतं. मोजक्या बॅटरीत काय आधी सुरू करायचं आणि काय अगदी शेवटी, हा हिशेब जमवण्यात नियंत्रण कक्षातल्या जॉन ॲरन यांचा वाटा फार मोठा होता. मॅटिंग्ली यांना नायक करण्यासाठी बाकीच्यांना पडद्याआड ढकललं गेलं. शेवटची गंमत उड्डाण संचालक जीन क्रॅन्झ यांची. ‘अपयश हा पर्यायच नाही’ या अर्थाचं जे वाक्य जगभर त्यांच्या नावावर फिरतं, ते त्या दिवसांत ते बोललेच नव्हते. पटकथालेखकांनी ते त्यांच्या तोंडी घातलं, आणि पुढे खुद्द क्रॅन्झ यांनी आपल्या आत्मचरित्राला त्याचंच नाव दिलं. तुमच्या हातात केवढी ताकद आहे ते यावरून ओळखा. ज्याच्यावर बेतली गेली त्यालाही गोष्ट आपली वाटू लागते.

‘हिडन फिगर्स’मध्ये (२०१६) श्रेयाचा हा खेळ अधिक खुपतो. नासातल्या कृष्णवर्णीय गणितज्ञ कॅथरिन जॉन्सन यांचा गोरा वरिष्ठ स्वच्छतागृहाची वर्णभेदी पाटी फोडतो आणि थिएटरात टाळ्या पडतात. तो वरिष्ठ अनेक व्यक्ती एकत्र करून रचलेलं पात्र आहे आणि पाटी फोडण्याचा प्रसंग काल्पनिक. जॉन्सन यांनी सांगितलेली हकिगत साधी आणि कितीतरी जास्त ठसकेबाज आहे : त्या बाकीच्यांसाठी असलेलं स्वच्छतागृहच सरळ वापरत राहिल्या. एका स्त्रीनं नियम न जुमानता स्वतः मिळवलेली गोष्ट चित्रपटानं साहेबाच्या औदार्याच्या खात्यावर टाकली. जॉन ग्लेन यांनी ‘तिला आकडे तपासायला सांगा’ असा आग्रह धरला हे खरं आहे. पण चित्रपटात ती तपासणी उड्डाणाच्या अगदी तोंडावर, धावतपळत होते. खरं तर जॉन्सन यांनी ते आकडे उड्डाणाच्या काही दिवस आधी, दीड दिवस बसून, हिशेबाच्या साध्या यंत्रावर ताडून पाहिले होते. दीड दिवस शांतपणे बसणारी बाई तुम्हाला पडद्यावर चालत नाही का?

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे : चित्रपट म्हणजे माहितीपट नव्हे. मान्य. तीन महिने तीन मिनिटांत बसवा, संवाद लिहा, दहा अभियंत्यांचा एक करा. ‘फर्स्ट मॅन’मध्ये (२०१८) नील आर्मस्ट्राँग चंद्रावरच्या विवरात आपल्या दिवंगत मुलीचं ब्रेसलेट टाकतात. तसं घडल्याचा पुरावा नाही. आर्मस्ट्राँग आराखड्यात नसताना यानापासून सुमारे ६० मीटरवरच्या त्या विवरापर्यंत एकटेच गेले, आणि त्यांची मुलगी १९६२ मध्ये, तीन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा, मेंदूतल्या गाठीमुळे गेली, एवढं खरं. मधली जागा कल्पनेनं भरली आहे. मला तो प्रसंग जरा गोडगोड वाटतो, पण माझी हरकत नाही, कारण त्यात कुणाच्या अब्रूला हात लागत नाही. (त्याच चित्रपटावर झेंडा रोवताना का दाखवला नाही म्हणून गदारोळ झाला. झेंडा चंद्रावर उभा दिसतो, रोवतानाचा क्षण तेवढा नाही. लोकांना चिडायला काय पुरतं याचं मला नवल वाटतं.)

उलट त्याच चित्रपटात जेमिनी ८ चा प्रसंग कसा आहे पाहा. १६ मार्च १९६६ रोजी यान वळवणारं एक छोटं इंजिन, म्हणजे थ्रस्टर, चालू अवस्थेतच अडकलं आणि यान सेकंदाला जवळपास एक गिरकी घेऊ लागलं. आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांची शुद्ध हरपण्याची वेळ आली. आर्मस्ट्राँग यांनी ती थ्रस्टर यंत्रणाच बंद केली आणि परतीसाठी राखून ठेवलेले थ्रस्टर वापरून यान स्थिर केलं. नियमाप्रमाणे त्यानंतर मोहीम आवरती घेऊन ताबडतोब उतरावं लागलं. चित्रपटात आरडाओरडा जवळजवळ नाही. आहे ती धातूची कुरकुर, धूसर होणारी नजर आणि बटण शोधणारा हात. मी श्वास रोखून पाहिलं. तुम्हाला हे जमतं, म्हणूनच मी भांडतो आहे.

प्रशिक्षित माणूस संकटात ओरडत नाही, हेच तुम्हाला अडचणीचं वाटत असणार. अपोलो १३ च्या संभाषणाच्या खऱ्या ध्वनिफिती ऐका. प्राणवायू अंतराळात निघून चालला आहे आणि आवाज असे, की जणू कुणी मीटरचं रीडिंग सांगतंय. मे १९६८ मध्ये चंद्रावर उतरण्याचा सराव करायचं यान कोसळलं तेव्हा आर्मस्ट्राँग अगदी शेवटच्या क्षणी आसनासकट बाहेर फेकले गेले, आणि त्याच दिवशी आपल्या टेबलाशी कागद घेऊन बसले. अशा माणसाला पडद्यावर ‘मोकळं’ करायला तुम्ही घरातली भांडणं, मद्याचा पेला, दारावर आपटलेली मूठ आणता. ती थंड बोलणी म्हणजे भावनेचा अभाव नव्हे, वर्षानुवर्षांच्या सरावानं अंगी आलेली शिस्त आहे. ती कशी येते हे दाखवा की. एकच बिघाड सिम्युलेटरमध्ये शंभरदा करून घेणारे प्रशिक्षक कुठल्याच चरित्रपटात धड दिसत नाहीत.

आणि रचायचंच असेल तर मोकळेपणानं रचा, पण नाव बदला. रशियन ‘सॅल्यूत ७’नं (२०१७) ते केलं. जून १९८५ मध्ये व्लादिमीर झानिबेकोव्ह आणि व्हिक्टर साविनिख हे बंद पडलेल्या, गोठलेल्या अवकाशस्थानकाला हातानं यान चालवून जोडले गेले आणि त्यांनी ते पुन्हा जिवंत केलं. चित्रपटानं त्यात आग घातली, स्थानक पळवायला आलेलं अमेरिकी शटल घातलं. पण नायकांची आडनावं बदलली. शटलचा भाग मला हास्यास्पद वाटला, तरी त्या दोन खऱ्या माणसांचा अपमान झाला असं वाटलं नाही. हा मार्ग तुम्हा सगळ्यांना खुला आहे. एरवी सुरुवातीला झळकणारी ‘काही प्रसंग नाट्यमयतेसाठी बदलले आहेत’ ही पाटी म्हणजे हात झटकणं आहे. कोणते प्रसंग? शेवटी श्रेयनामावलीत केशभूषाकारापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची नावं येतात, तिथे ‘अमुक भांडण झालं नव्हतं, अमुक पात्र काल्पनिक आहे’ या दोन ओळींना जागा नक्कीच निघेल.

हे आत्ता लिहितोय ते पुढच्या चित्रपटांसाठी. राकेश शर्मा यांच्यावरच्या चित्रपटाची घोषणा मध्यंतरी झाली, नट बदलले, चित्रपट झाला नाही. कधी झालाच, तर त्यांना स्वतःला विचारायची सोय आहे, आणि ताण निर्माण करायला काही रचावंही लागणार नाही. एप्रिल १९८४ मध्ये ते ज्यांच्यासोबत सोयुझ टी-११ मधून गेले, त्या गेनादी स्त्रेकालोव्ह यांच्या खाली सहाच महिन्यांपूर्वी रॉकेट पेटलं होतं. सुटकेच्या यंत्रणेनं त्यांची कुपी रॉकेटपासून खेचून दूर नेली आणि काही सेकंदांत रॉकेट फुटलं. तो माणूस पुन्हा रॉकेटवर चढून शर्मांच्या शेजारी बसला. यापुढे तुम्ही कोणता खलनायक उभा करणार?

कल्पना चावला यांच्या बाबतीत मात्र विचारायला कुणी नाही, म्हणून मला जास्त धास्ती आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांच्या पहिल्या उड्डाणात सूर्याचा अभ्यास करणारा स्पार्टन उपग्रह यानातून सोडल्यावर जसा वागायला हवा तसा वागला नाही. यांत्रिक हातानं तो परत पकडताना धक्का लागून गरगरू लागला आणि शेवटी विन्स्टन स्कॉट आणि ताकाओ दोई यांना बाहेर जाऊन तो हातानं धरावा लागला. यांत्रिक हात चावला चालवत होत्या, म्हणून बोट त्यांच्याकडे वळलं. चौकशीत सॉफ्टवेअरच्या मांडणीत आणि अंतराळवीर व जमिनीवरचं नियंत्रण यांच्यासाठी ठरवलेल्या कार्यपद्धतीत दोष सापडले, आणि त्यांना पुन्हा उड्डाण मिळालं. ते उड्डाण कोलंबियाचं होतं. १ फेब्रुवारी २००३ ला ते परतीच्या वाटेवर तुटलं. डाव्या पंखाला उड्डाणाच्या वेळीच, इंधनाच्या टाकीवरून सुटलेल्या फोमच्या तुकड्यानं इजा झाली होती. तसा आघात झाल्याचं आणि काळजीचं कारण नसल्याचं यानातल्यांना ई-मेलनं कळवलंही होतं.

तेव्हा त्यांच्यावर चित्रपट लिहायला बसाल, तर पहिल्या उड्डाणात ‘नवखी गोंधळली’ असा प्रसंग लिहू नका. शेवटच्या सकाळी फ्रेम पडून काच फुटल्याचं, कुणाला अशुभाची चाहूल लागल्याचं दाखवू नका. त्या ई-मेलचा प्रसंग लिहा, आणि तो पाठवणारालाही खलनायक करू नका. चौकशी मंडळाचा सविस्तर अहवाल खुला आहे, अपोलो मोहिमांतल्या संभाषणांची टिपणं खुली आहेत, वाचायला पैसे पडत नाहीत. आणि स्विगर्ट यांच्याशी भांडताना हेझ नेमकं काय बोलले, हे त्या टिपणांत कुणाला सापडलं, तर मी हे पत्र मागे घेईन.

आपला,
पहिल्या दिवशी तिकीट काढणारा एक प्रेक्षक